घरोघरी जाऊन मालिश करते, वेबसाइट कशाला हवी?

पत्र

ताई, मी चिंचवडला राहते. वय ३८. आधी एका आयुर्वेदिक केंद्रात पंचकर्म विभागात सहा वर्षं होते, नंतर दोन वर्षं एका ॲपवर. गेल्या वर्षापासून स्वतःचं काम करते. बाळंतिणीची मालिश, बाळाची मालिश-आंघोळ, शेक-धुरी आणि ओळखीतल्या बायकांना अभ्यंग. कामं सगळी तोंडी ओळखीतून येतात. कधी एकदम पाच घरं, कधी पंधरा पंधरा दिवस हात रिकामे. मध्यंतरी इंटरनेटवरच्या एका यादीत नाव आणि नंबर टाकला, तर रात्री-बेरात्री पुरुषांचे घाणेरडे फोन सुरू झाले. आठवड्याच्या आत नाव काढून टाकलं. आता भाचा म्हणतो, मावशी, वेबसाइट कर. एका एजन्सीनं २५ हजार सांगितलेत. मिस्टर म्हणतात, व्हॉट्सॲपला स्टेटस ठेवतेस ना, आणखी काय पाहिजे? खरं सांगू, मला पैशांपेक्षा फोनांची धास्ती आहे. वेबसाइट केली तर ते आणखी वाढणार नाहीत का?

– एक वाचक, चिंचवड

उत्तर

नमस्कार. तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण खरा प्रश्न तोच आहे. वेबसाइट नीट केली तर तसले फोन वाढत नाहीत, कमी होतात. आणि तुमच्या धंद्यात वेबसाइट करायचं पहिलं कारणही हेच. नवी गिऱ्हाइकं मिळणं हे दुसरं, आणि ते सावकाश होतं.

त्या यादीत तुमचं काय काय दिसत होतं ते आठवा. बाईचं नाव, त्याखाली ‘मसाज’, त्याखाली मोबाइल नंबर. बस. तुम्ही बाळंतिणीकडे जाता, पंचकर्म शिकलेल्या आहात, पुरुषांना हात लावत नाही, यातलं एक अक्षर तिथे नव्हतं. बहुतेक याद्यांमध्ये ते लिहायला धड जागाच नसते, ठरावीक रकाने भरायचे आणि पुढे जायचं. मग रात्री अकराला मोबाइल चाळणाऱ्या माणसानं त्या मोकळ्या जागेत त्याला हवं ते वाचलं. यात तुमचा दोष काडीचा नाही, पण ती मोकळी जागा भरायचं काम दुसरं कोणी करणार नाही.

स्वतःच्या पानावर ती जागा तुमची असते. सगळ्यात वर, तुमच्या नावाच्याही आधी, ठळक अक्षरात एक ओळ: ‘फक्त स्त्रिया आणि एक वर्षाच्या आतली बाळं. पुरुषांसाठी सेवा नाही.’ त्यात ‘कृपया’ नको आणि ‘क्षमस्व’ तर नकोच. नंबर वर टाकायचा नाही, मजकूर संपल्यावर अगदी तळाशी. शक्य असेल तर नंबरही दाखवू नका, ‘व्हॉट्सॲपवर विचारा’ असं बटण ठेवा. व्हॉट्सॲपची थेट लिंक तयार करता येते आणि ती दाबल्यावर समोरच्याच्या मोबाइलमध्ये तुम्ही आधीच लिहून ठेवलेला मेसेज उघडतो, हे भाच्याला माहीत असेल. त्या मेसेजमध्ये चार प्रश्न घालून ठेवा. कुठला भाग, कुठली सोसायटी? बाळंतपणाची तारीख, झालेली की अपेक्षित? नॉर्मल की सिझेरियन? डॉक्टरांनी मालिश केव्हापासून करा म्हटलंय?

ही चाळणी आहे. ज्या घरात बाळ आलंय तिथे या चारही प्रश्नांची, आणि आठवा-नववा महिना चालू असेल तिथे निदान पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं तोंडावर असतात, दोन मिनिटांत भरून येतात. ज्याला टाइमपास करायचाय तो सिझेरियनच्या प्रश्नापाशीच गळतो. एखादा त्यातूनही चिवटपणे येईल, नाही असं नाही. तो बहुधा आधी मेसेजमध्ये येईल, थेट कानात नाही, आणि तुम्ही बोटानं ब्लॉक करू शकाल. या कामाला वेगळं सिम घ्या, त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस टाका आणि रात्री आठ ते सकाळी आठ आपोआप उत्तर जाईल असं लावून ठेवा. घरचा नंबर कुठेही छापू नका.

आणि कोणी पिच्छाच पुरवला तर ‘आपलीच बदनामी होईल’ म्हणून गप्प बसू नका. भारतीय न्याय संहितेत, म्हणजे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात, बाईचा पाठलाग करणं हा कलम ७८ खाली आणि तिच्या विनयाचा अपमान होईल असं बोलणं हा कलम ७९ खाली गुन्हा आहे. नकार दिल्यावरही फोन-मेसेज करत राहणं पाठलागात येतं. मेसेज पुसू नका, स्क्रीनशॉट ठेवा. त्या क्षणी घाबरायला झालं तर ११२.

आता मिस्टरांचं म्हणणं. स्टेटस चांगलंच आहे, ठेवत राहा. फक्त ते दिसतं कोणाला ते बघा. तुमचा नंबर ज्यांनी सेव्ह केलाय आणि ज्यांचा तुम्ही केलाय त्यांनाच, तेही २४ तास. म्हणजे तुमची मावसबहीण, भिशीतल्या बायका आणि मागच्या वर्षीची बाळंतीण. त्यांना तुम्ही माहीत आहातच. वाकडच्या कुठल्याशा टॉवरमध्ये आठवा महिना लागलेली मुलगी तुमच्या स्टेटसपर्यंत पोहोचूच शकत नाही.

तुम्ही म्हणाल, कामं तर तोंडी ओळखीतूनच येतात. येऊ द्यात, पुढेही तशीच येतील. पण हल्ली तोंडी ओळख कशी चालते ते जरा जवळून बघा. सासूबाई खालच्या मजल्यावर विचारतात, खालच्या काकू तुमचा नंबर देतात. पूर्वी एवढ्यावर काम ठरायचं. आता तो नंबर सुनेकडे जातो, सून तो नवऱ्याला पाठवते, आणि तो गृहस्थ रात्री जेवण झाल्यावर तुमचं नाव गुगलवर टाकून बघतो. दहा दिवसांचं बाळ कोणाच्या मांडीवर देतोय हे त्याला बघायचं असतं, आणि ते योग्यच आहे. तिथे त्याला काय सापडतं? सध्या काहीच नाही, नाहीतर त्या ॲपवरचं तुमचं जुनं पान, जिथून पुढे गेलं की ॲप त्याला दुसरीच बाई देतं. म्हणजे काकूंनी शब्द टाकला तुमच्यासाठी आणि काम गेलं तिसरीकडे. हे तुमच्याबाबतीत झालंच असेल असं मी म्हणत नाही, पण झालं असलं तरी तुम्हाला कळायला मार्ग नाही. जो फोन आलाच नाही त्याची नोंद कुठे राहते?

हिंजवडी, वाकड, पिंपळे सौदागर, रावेत या पट्ट्यात तर खालच्या काकूच नसतात. नवरा-बायको दोघं कंपनीत, घरचे लातूरला नाहीतर लखनौला. काही वेळा शोधणारी बहीण अमेरिकेत असते आणि तिथून पुण्यातल्या बहिणीसाठी बाई ठरवते. अशा माणसाला वाचायला एक पान लागतं. ते असेल तर ‘तुम्ही कुठे शिकलात, कुठलं तेल वापरता, शेगडी आणता का, किती घेता’ हा वीस मिनिटांचा फोन वाचतो. पाच घरं करून संध्याकाळी परतल्यावर तोच फोन चारदा करायचा म्हणजे काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको.

पानावर लिहायचं काय, हा माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे, आणि तो एजन्सीला जमणार नाही. एजन्सी काय लिहील ते मी आत्ताच सांगते: ‘आमच्या अनुभवी तज्ज्ञांकडून शरीर आणि मनाला नवचैतन्य’. सोबत फोटो कुठल्यातरी परदेशी बाईच्या पाठीवर काळे दगड, शेजारी मेणबत्ती आणि चाफ्याचं फूल. ज्या माणसांना तुम्ही टाळू बघताय त्यांना बोलावायला तो एक फोटो पुरे. तुमच्या पानावर असं एकही चित्र नको. तुमचा स्वतःचा फोटो, अंगावर कामाचा ॲप्रन. तेलाची वाटी, शेगडी, धुरीचं साहित्य, बाळाला पायांवर घेऊन बसण्याची तुमची जागा. बाळांचे आणि बाळंतिणींचे फोटो नकोत. आई-वडिलांनी हौसेनं दिले तरी लेखी होकार घेतल्याशिवाय नाहीत, आणि चेहरा दिसेल असे तर नाहीतच.

मजकुरात तुम्ही काय करता याच्या दुप्पट, काय करत नाही ते लिहा. नव्या आईच्या मनात भीती असते ती याचीच. बाळाच्या नाका-कानात तेल घालत नाही. डोक्याला ‘आकार’ द्यायला टाळू-कवटी दाबत नाही. छाती पिळत नाही. बाळाला ताप असेल, ते मलूल असेल तर त्या दिवशी मालिश नाही. धुरी बाळाच्या तोंडावर जाईल अशी धरत नाही. सिझेरियन असेल तर डॉक्टर हो म्हणेपर्यंत पोटावर हात नाही, तोवर पाठ, हात, पाय, डोकं. बाळंतिणीची एकच पोटरी सुजली असेल, दुखत असेल, गरम लागत असेल तर ती चोळत नाही, आधी डॉक्टरांना दाखवायला सांगते, कारण आत रक्ताची गुठळी असू शकते. या गोष्टी तुम्ही सहा वर्षं पंचकर्मात काढलेल्या बाई आहात म्हणून तुम्हाला माहीत आहेत, आणि रोज करता म्हणून तुम्हाला त्यात काही विशेष वाटत नाही. पण आईला धडकी भरलेली असते, घरात दोन आज्या दोन गोष्टी सांगत असतात, बालरोगतज्ज्ञ तिसरंच बोललेले असतात. तिनं हा परिच्छेद वाचला की काम निम्मं ठरलं. प्रमाणपत्र नंतर बघतील.

प्रमाणपत्राचा विषय निघालाच आहे तर: कुठे, किती काळ शिकलात ते शब्दांत लिहा. कागद स्कॅन करून चढवू नका. त्यावर पत्ता असतो, जन्मतारीख असते. आधार कार्ड तर मुळीच नाही. पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचं प्रमाणपत्र काढलं नसेल तर काढा आणि ‘पहिल्या भेटीत मूळ प्रत दाखवेन’ एवढं लिहा. सोसायटीच्या गेटवरही ते कामाला येतं.

दोन ठिकाणी मात्र हात आखडा. एक, स्वतःला ‘फिजिओथेरपिस्ट’ किंवा ‘डॉक्टर’ म्हणवू नका. कोणी कौतुकानं म्हटलं तरी पानावर नको, ती पदवीधरांची बिरुदं आहेत. दोन, ‘संधिवात बरा’, ‘लकवा बरा’, ‘वजन उतरवा’ असलं काही लिहू नका. औषधं आणि जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा १९५४ चा कायदा आहे. त्याच्या परिशिष्टात ज्या रोगांवर इलाज करतो अशी जाहिरात करायला मनाई आहे, त्यांत पक्षाघात, संधिवात, मधुमेह, लठ्ठपणा ही नावं आहेत. तेलाचं नाव घेऊन असा दावा केलात तर नसती आफत. आणि खरं तर तुम्हाला त्याची गरजही नाही. ‘अंग मोकळं होतं, पाठ हलकी होते, झोप लागते’ हे खरं आहे आणि तेवढं पुरेसं आहे.

दर लिहायचे का, हे बऱ्याच जणी विचारतात. लिहा. आई आणि बाळ दोघांचे मिळून किती, फक्त बाळाचे किती, शेक-धुरी त्यात आहे की वेगळी, तेल कोणाचं, चिंचवडच्या बाहेर जायचे किती जास्त. न लिहिण्यामागे ‘माणूस बघून सांगू’ हा हिशेब असतो, पण तो बहुतेक वेळा आपल्यावरच उलटतो. फोनवर आवाज ऐकून लोक घासाघीस करतात, छापील आकड्याशी कमी करतात. त्याखाली ठरवण्याची रीत लिहा. तुमचं काम आगाऊ ठरतं आणि तारीख बाळाच्या मर्जीवर असते, म्हणून हे फार गरजेचं आहे. आगाऊ रक्कम किती, बाळंतपण पंधरा दिवस आधी झालं तर काय, बाळाला काचेत ठेवलं तर दिवस पुढे सरकणार का, सव्वा महिन्यात तुमच्या सुट्ट्या किती, गणपतीत आणि दिवाळीत येणार की नाही. भांडणं कायम याच जागी होतात. आधी लिहिलेलं असलं की ‘तुम्ही असं बोलला नव्हता’ हे म्हणायची सोय राहत नाही. त्यांनाही नाही आणि आपल्यालाही नाही.

ॲपबद्दल तुम्ही पत्रात फार काही लिहिलेलं नाही, पण दोन वर्षांत तिथे जमवलेले तारे तिथेच राहिले असणार. ही रीत सगळ्याच ॲपची आहे, त्यात कोणा एकाला बोल लावण्यात अर्थ नाही. गिऱ्हाईक त्यांचं, अभिप्राय त्यांचे, तुम्ही निघालात की पाटी कोरी. फुकटच्या जागांचंही तसंच. २९ जून २०२० ला टिकटॉकवर बंदी आली, तेव्हा ज्यांचा सगळा पसारा तिथे होता त्यांचा एका रात्रीत गेला. त्यांनी काही वावगं केलं होतं म्हणून नव्हे. गुगलच्या नकाशावर धंद्याची जी नोंद (गुगल बिझनेस प्रोफाइल) असते, तिच्यातूनच गुगल छोट्या धंद्यांना फुकट वेबसाइट बनवून द्यायचं. ती सगळी पानं गुगलनं मार्च २०२४ मध्ये बंद केली. जुन्या पत्त्यावर येणाऱ्यांना १० जूनपर्यंत नोंदीकडे वळवत होते, नंतर तेही थांबलं. ज्यांनी तो पत्ता छापून कार्डं वाटली होती त्यांची कार्डं रद्दी झाली. त्याच वर्षी जुलैअखेर नोंदीतून गिऱ्हाइकाशी चॅट करायची सोयही काढली. म्हणून वेबसाइटमध्ये विकत घ्यायची गोष्ट खरं म्हणजे एकच आहे: तिचा पत्ता, म्हणजे डोमेन. पान आज इथे ठेवा, उद्या आवडलं नाही तर दुसरीकडे हलवा, पत्ता तोच राहतो. कार्डावर छापलेला, काकूंच्या व्हॉट्सॲपमध्ये पडलेला, सगळा चालत राहतो.

याचा अर्थ गुगलची नोंद नको असा नाही. नोंद आणि वेबसाइट दोन्ही लागतात. नोंद फुकट आहे, नकाशात दिसते आणि अभिप्राय तिथेच पडतात. नोंद करताना एक गोष्ट विसरू नका: तुम्ही गिऱ्हाइकाच्या घरी जाता, त्यामुळे घरचा पत्ता लपवून फक्त ‘सेवा देण्याचा भाग’ दाखवायची सोय त्यात आहे. ती वापरा. चिंचवडच्या कुठल्या गल्लीत तुम्ही राहता ते कोणालाही कळायचं कारण नाही. नोंदीच्या मजकुरात ‘बाळंतिणीची मालिश’, ‘बाळाची मालिश’, ‘पोस्टनेटल मसाज’, ‘बेबी मसाज’ हेच शब्द राहू द्या. नुसतं ‘बॉडी मसाज’ कुठेही नको. उत्तरेकडची मंडळी बाळंतिणीच्या सेवेला ‘जापा’ म्हणून शोधतात, तोही शब्द एकदा येऊ द्या. सव्वा महिना संपतो त्या दिवशी, ओटी भरून झाल्यावर, आईला सांगा की दोन ओळी गुगलवर लिहा. बायका आनंदानं लिहितात, फक्त त्यांना कोणी विचारत नाही. अभिप्राय विकत मात्र घेऊ नका. विकतचे अभिप्राय सगळे एकाच माणसानं लिहिल्यासारखे असतात आणि वाचणाऱ्याला ते कळतं.

आता ते २५ हजार. देऊ नका. तुम्हाला हवंय ते एक पान, फार तर तीन. डोमेनला वर्षाला साधारण हजाराच्या आसपास पडतं. पहिल्या वर्षी ९९ किंवा १९९ ची जाहिरात दिसली तर दुसऱ्या वर्षीचा दर बघूनच घ्या, कारण खरा दर तोच. पान बनवायला गुगल साइट्स म्हणून फुकट साधन आहे. मघाशी बंद पडलेली म्हटली ती वेगळी, ही वेगळी. त्याला स्वतःचं डोमेन जोडता येतं, आणि उद्या हेही बंद झालं तर मजकूर उचलून दुसरीकडे न्यायचा, पत्ता तुमच्याकडेच. भाच्याचा एक रविवार लागेल. त्याला जेवायला घाला.

डोमेन कोणाच्या नावावर घ्यायचं याबद्दल मात्र मी कडक आहे. तुमच्या नावावर, तुमच्या ईमेलनं, तुमच्या मोबाइलवर ओटीपी येईल असं. एजन्सीच्या नावावर नाही आणि, रागावू नका, भाच्याच्याही नाही. पोरगं गुणी असेल, पण उद्या ते बेंगळुरूला गेलं, नंबर बदलला, आणि नूतनीकरणाचा मेल त्याच्या जुन्या खात्यात पडून राहिला तर तुमचा पत्ता सुटला. एजन्सीच्या नावावर असेल तर दरवर्षी ते म्हणतील ती रक्कम. असे अडकलेले लोक मला दर दोन-तीन महिन्यांनी लिहितात, त्यात दुकानदार आहेत, शिकवणीवाले आहेत. आणि ‘आम्ही तुम्हाला गुगलवर पहिल्या नंबरला आणू’ अशी हमी कोणी दिली तर तिथून उठा. अशी हमी कोणीच देऊ शकत नाही, हे गुगलच स्वतः सांगतं.

लगेच फोन खणखणतील अशी अपेक्षा मात्र ठेवू नका. नवीन पान गुगलच्या नजरेत भरायला काही महिने जातात. तोपर्यंत त्याचा उपयोग म्हणजे कोणी नंबर मागितला की नंबराऐवजी पानाची लिंक पाठवायची. काकूंनाही तीच देऊन ठेवा.

एक वेगळी बाब, जी तुम्ही विचारली नाहीत. तुमच्या पत्रात ‘कधी पाच घरं’ असं आहे. पाच घरं म्हणजे पाच बाळंतिणी आणि पाच बाळं, जिने, बसस्टॉप, वाकून शेगडी फुंकणं. मालिश करणाऱ्या बाईचं भांडवल म्हणजे तिची मनगटं आणि अंगठे, आणि ते झिजतात. वेबसाइटचा हेतू पाचाची आठ घरं करणं हा नसू द्या. रिकामे पंधरवडे भरणं आणि चिंचवड-थेरगाव-वाकड अशा एका पट्ट्यातली घरं मिळवणं, एवढाच ठेवा. पानावर ‘पुढची जागा अमुक तारखेपासून’ अशी एक ओळ ठेवा आणि दर सोमवारी ती बदला. जागा भरलेली दिसली की लोक सातव्या महिन्यातच विचारतात, आणि मग ‘उद्यापासून या’वाले आपोआप कमी होतात. ही ओळ बदलणं जमणार नसेल तर ठेवूच नका. गेल्या दिवाळीची तारीख दाखवणारं पान बघून माणूस समजतो की बाईंनी काम सोडलं.

भाषा मराठी ठेवा, खाली तोच मजकूर हिंदी-इंग्रजीत. हिंजवडीत तो लागेल. मराठीतला मजकूर दुसऱ्या कोणाकडून लिहून घेऊ नका. बाळंतिणीच्या आईशी बसून बोलता तसं मोबाइलमध्ये बोला, आवाजावरून टाइप होतं, भाच्याला म्हणावं फक्त शुद्धलेखन बघ. नावात ‘वेलनेस’, ‘ब्लिस’, ‘टच’ यांतलं काही नको, कारण तुम्हाला आता कळलंच असेल. तुमचं नाव किंवा आडनाव आणि पुढे ‘आई-बाळ मालिश’ असं साधं चालेल. इंग्रजी अक्षरांत लिहिताना ‘मालिश’चं स्पेलिंग दोन तऱ्हांनी होतं, म्हणून डोमेन घ्यायच्या आधी चार जणींना फोनवर नाव सांगून लिहायला लावा. ज्या स्पेलिंगनं जास्त जणी लिहितील ते घ्या. दुसरं मोकळं असेल आणि हजार रुपये जड नसतील, तर तेही घेऊन पहिल्याकडे वळवून ठेवा.